गो खेळाचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

गो हा पटावरचा खेळ संगणकावर खेळायचा-शिकायचा असेल तर त्यासाठी पैसे मोजावेत का? पंधरा वर्षांपूर्वी याचं उत्तर सरळ 'हो' असं होतं. आज ते जवळपास उलटं झालं आहे. तगडा प्रतिस्पर्धी हवा, खेळून झालेल्या डावातल्या चुका दाखवणारं कोणी हवं, एवढ्यासाठी आता एक रुपयाही खर्च करायची गरज नाही. जगातल्या सर्वांत बलवान इंजिनांपैकी एक फुकट उतरवून घेता येतं. पैसे द्यावेत अशा गोष्टी अजूनही आहेत, पण त्या खेळाच्या ताकदीशी संबंधित नाहीत. नेमकं इथेच नवख्या माणसाची फसगत होते, कारण जाहिरातीत ताकदच पुढे केलेली असते.

आपल्याकडे हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा ठरतो. बुद्धिबळ खेळणारं कोणी ना कोणी प्रत्येक गावात भेटतं. बेळगाव असो, मडगाव असो की इंदूर. गोचं तसं नाही. 'हिकारू नो गो' ही जपानी चित्रकथा वाचून किंवा तिची मालिका पाहून एखाद्या शाळकरी पोराला वेड लागतं आणि घरात, गल्लीत, शाळेत दुसरा खेळणारा मिळत नाही. मग सॉफ्टवेअर हाच गुरू आणि तोच जोडीदार. अशा वेळी पालक "महागडं घेतलं म्हणजे चांगलं असेल" या हिशोबाने वर्गणी भरून मोकळे होतात.

खेळ थोडक्यात

पटावर १९ उभ्या, १९ आडव्या रेषा. सोंगट्या घरांत नाही, रेषांच्या छेदबिंदूंवर ठेवायच्या, म्हणजे एकूण ३६१ जागा. काळा आधी, मग पांढरा, आळीपाळीने एकेक सोंगटी. ठेवलेली सोंगटी हलत नाही. चारही बाजूंनी कोंडली गेली तरच उचलली जाते. शेवटी ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. पांढरा दुसरा खेळतो म्हणून त्याला भरपाईचे गुण मिळतात. त्यांना 'कोमी' म्हणतात. जपान-कोरियात ते साडेसहा आहेत, चीनमध्ये साडेसात. अर्धा गुण बरोबरी टाळण्यासाठी.

नवशिक्यांसाठी ९ बाय ९ आणि १३ बाय १३ असे छोटे पट असतात. दर्जा 'क्यू' आणि 'दान' या पायऱ्यांनी मोजतात. क्यूचा आकडा जितका कमी तितका खेळाडू चांगला. एक क्यूच्या वर गेलं की पहिला दान. या दानाचा सारीपाटावरच्या दानाशी काही संबंध नाही, गोमध्ये फासे नाहीतच. दोन खेळाडूंमध्ये फरक असेल तर कमजोर खेळाडूला सुरुवातीलाच पटावर दोन ते नऊ सोंगट्या मांडून देतात. या सवलतीच्या सोंगट्यांचा उल्लेख पुढे येणार आहे, कारण संगणक किती कच्चा होता हे मोजायचं माप तेच होतं.

इंटरनेटवर शोधताना एक अडचण येते. नुसतं 'गो' टाकलं की त्या नावाची संगणक-भाषा पुढे येते, नाहीतर गोव्याची हॉटेलं. त्यापेक्षा कोरियन नाव 'बादुक' किंवा चिनी नाव 'वेइची' टाकलेलं बरं.

तेव्हा लोक पैसे का देत होते

१९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळात कास्पारॉव्हला हरवलं. त्या वेळी गोचे प्रोग्राम एखाद्या बऱ्यापैकी हौशी खेळाडूसमोरही टिकत नव्हते. तैवानचे उद्योगपती इंग चँग-की यांनी व्यावसायिक दर्जाच्या तरुण खेळाडूला हरवणाऱ्या प्रोग्रामसाठी चार कोटी तैवानी डॉलरचं बक्षीस ठेवलं होतं, म्हणजे दहा लाख अमेरिकी डॉलरहून अधिक. २००० साली मुदत संपली, बक्षीस तसंच राहिलं. १९९८ मध्ये मार्टिन म्युलर या तगड्या हौशी खेळाडूने 'मेनी फेसेस ऑफ गो' या प्रोग्रामला तब्बल २९ सोंगट्यांची सवलत दिली आणि तरीही तो जिंकला. बुद्धिबळात वजीर, दोन्ही हत्ती आणि वर आणखी काही मोहरी काढून ठेवून जिंकावं, तसला हा प्रकार.

हा 'मेनी फेसेस' त्या काळातल्या सर्वांत चांगल्या प्रोग्रामांपैकी एक होता. अमेरिकेतले अभियंते डेव्हिड फॉटलंड यांनी तो वर्षानुवर्षं एकट्याने घडवला. गोचं ज्ञान नियमांच्या रूपात, एकेक आकृती, एकेक कोपरा असं हाताने भरायचं, अशी ती पद्धत होती. चीनमध्ये रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक चेन झिशिंग यांनी 'हँडटॉक' लिहिला; हाताने बोलणं हे गोचंच एक जुनं चिनी नाव आहे. जपानच्या दुकानांत असे प्रोग्राम खोक्यात घालून, सीडीवर विकले जात. गिऱ्हाईक पैसे देत होतं ते अशा वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे, आणि ते रास्तच होते. फुकटात मिळणारा 'ग्नू गो' हा प्रोग्राम प्रामाणिक, पण मध्यम ताकदीचा. २००९ मध्ये त्याची ३.८ ही आवृत्ती आली तेव्हाही वर्ष-दोन वर्षं मन लावून खेळणारा माणूस त्याला हरवू शकत होता.

खरा बदल २००६ पासून सुरू झाला. फ्रान्सचे रेमी कुलोम यांनी 'क्रेझी स्टोन' या आपल्या प्रोग्राममध्ये वेगळीच युक्ती लावली. गोचं ज्ञान भरत बसण्याऐवजी समोरच्या स्थितीतून हजारो डाव जवळपास अंदाधुंद चालींनी शेवटपर्यंत खेळून पाहायचे, कुठल्या चालीतून जास्त डाव जिंकले जातात ते मोजायचं, आणि तीच फांदी आणखी खोल तपासायची. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण जमलं. २०१२ मध्ये 'झेन' या जपानी प्रोग्रामने ताकेमिया मासाकी या नामवंत व्यावसायिकाला आधी पाच आणि मग चार सोंगट्यांच्या सवलतीवर हरवलं. पुढच्याच वर्षी क्रेझी स्टोनने इशिदा योशिओ यांच्याविरुद्ध चार सोंगट्यांवर डाव जिंकला. २९ वरून चारवर यायला पंधरा वर्षं लागली.

हे दोन्ही प्रोग्राम विकत मिळत. झेन जपानमध्ये 'तेनचो नो इगो' या नावाने विकला जाई. २००८ ते २०१६ या काळात ज्याने अशा प्रोग्रामसाठी पैसे मोजले त्याला खरोखर काहीतरी जास्त मिळालं: फुकटातल्या कुठल्याही प्रोग्रामपेक्षा कितीतरी भारी प्रतिस्पर्धी. आजही जुने खेळाडू "क्रेझी स्टोन घे" असा सल्ला देतात तो त्या काळातला आहे. तेव्हा तो बरोबर होता.

२०१६ नंतर

मार्च २०१६ मध्ये सोलला अल्फागोने ली सेडोल यांना ४-१ असं हरवलं, ही बातमी मराठी वर्तमानपत्रांतही आली होती. मात्र गूगलच्या डीपमाइंड कंपनीने अल्फागो कधी विकलाच नाही. आधी युरोपचा विजेता फान हुई याला हरवणारी त्याची मोठी आवृत्ती १,२०२ प्रोसेसर आणि १७६ ग्राफिक्स प्रोसेसरवर चालली होती; घरी आणून लावायची ती वस्तूच नव्हती. कंपनीने दुसरी गोष्ट केली. पद्धत छापली. ऑक्टोबर २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये अल्फागो झीरोचा लेख आला. माणसांचे डाव न बघता, नुसते नियम सांगून, स्वतःशीच खेळत प्रोग्राम कसा शिकतो हे त्यात लिहिलेलं होतं.

कृती हाती आल्यावर स्वयंपाक करणारे पुढे आलेच. बेल्जियमच्या जियान-कार्लो पास्कुटो यांनी त्याच वर्षी 'लीला झीरो' सुरू केला. प्रशिक्षणाला लागणारा संगणकाचा वेळ जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या घरच्या यंत्रांवरून पुरवला. २०१८ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी आपला 'एल्फ ओपनगो' खुला केला. आणि २०१९ मध्ये आला 'कातागो'.

डेव्हिड वू यांनी लिहिलेला कातागो हा आजच्या चर्चेचा मुख्य नायक. तिशीच्या आत ग्राफिक्स प्रोसेसर आणि १९ दिवस, एवढ्यावर त्याने प्रचंड यंत्रबळावर शिकलेल्या एल्फलाही मागे टाकलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो शिकणाऱ्याच्या उपयोगाचा निघाला. आधीचे प्रोग्राम फक्त "काळा जिंकण्याची शक्यता इतके टक्के" एवढंच सांगत. कातागो "काळा साडेचार गुणांनी पुढे आहे" असं सांगतो, जे माणसाला समजतं. कोमी बदलली, सवलतीच्या सोंगट्या दिल्या, पट छोटा घेतला, तरी तो गोंधळत नाही. परवाना इतका मोकळा की कोणीही वापरावा, बदलावा, हवं तर विकावा.

त्या शेवटच्या शब्दावर जरा थांबायला हवं. विकण्याला मनाई नाही, म्हणून पैसे घेणाऱ्या काही अ‍ॅपच्या आणि संकेतस्थळांच्या पोटात हाच फुकटचा कातागो असतो. त्यात बेकायदा काही नाही, फसवणूकही नाही; वर चढवलेल्या सजावटीचे, सोयीचे आणि सर्व्हरचे ते पैसे असतात. फक्त गिऱ्हाइकाला हे माहीत असावं. "आमचं इंजिन व्यावसायिक खेळाडूंपेक्षा बलवान" असं कोणी सांगितलं तर ते खरंच असतं, आणि त्याला किंमत शून्य असते.

बुद्धिबळवाल्यांना हे नवीन नाही. स्टॉकफिश फुकट मिळतो, तरीही चेसबेससारख्या कंपन्या चालतात, कारण त्या इंजिनच्या भोवतीचं सगळं विकतात.

फुकटात नेमकं काय, आणि ते लावायचं कसं

कातागो हे नुसतं इंजिन आहे; त्याला चेहरा नाही. उघडलं तर काळी खिडकी दिसेल. त्यावर पट दाखवणारा दुसरा प्रोग्राम लागतो. नवख्यासाठी 'काट्रेन' सगळ्यात सोपा. विंडोजवर एकच फाइल उतरवायची, इंजिन आतच येतं. मॅक आणि लिनक्सवर थोडी खटपट आहे. काट्रेनमध्ये प्रतिस्पर्ध्याचा दर्जा ठरवता येतो, पंधरा क्यू हवा तर पंधरा क्यू. शिकवण्याची एक पद्धतही आहे: फारच वाईट चाल केली की तो ती मागे घ्यायला लावतो आणि पुन्हा विचार करायला सांगतो. 'सबाकी' आणि 'लिझी' हे आणखी दोन परिचित पर्याय. अँड्रॉइड फोनवर 'बादुक एआय' नावाचं फुकट अ‍ॅप कातागो चालवतं, पण स्वस्त फोन त्यावर चांगलाच तापतो.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर चालत नाही, हा गैरसमज आहे. कार्ड असेल तर इंजिन एका सेकंदात शेकडो-हजारो स्थिती तपासतं. साध्या लॅपटॉपवर मोजक्याच. फरक मोठा आहे, पण कोणासाठी? दोन व्यावसायिकांच्या डावातली बारीक चूक शोधणाऱ्यासाठी. पंधरा क्यूच्या खेळाडूने वीस गुणांची चूक केली असेल तर ती दाखवायला जुना लॅपटॉपही पुरतो. पुढचं काही न तपासता, पहिल्या अंदाजानेच खेळला तरी कातागो बहुतेक हौशी खेळाडूंना भारी पडतो. केवळ गोसाठी नवीन कार्ड घेणं हा या विषयातला सर्वांत मोठा वायफळ खर्च. त्यापुढे कुठल्याही अ‍ॅपची वर्गणी किरकोळ.

माणसांशी खेळायचं असेल तर ऑनलाइन गो सर्व्हर म्हणजे ओजीएस ब्राउझरमध्येच चालतो, काही उतरवावं लागत नाही. खेळणं फुकट, नियम शिकवणारे धडे फुकट, डाव संपल्यावर कुठे घसरलो याचा थोडका आलेखही फुकट. सविस्तर विश्लेषण वर्गणीदारांना मिळतं. तिथे एक-दोन दिवसांत एक चाल अशा संथ गतीने चालणारे डावही असतात. नोकरी, शेती, दुकान सांभाळून खेळणाऱ्यांना ते सोयीचे पडतात. केजीएस आणि पांडानेट हे जुने सर्व्हर, तेही फुकट.

इंजिन दाखवतं, शिकवत नाही

इथे विकतच्या आणि फुकटच्या, दोन्ही प्रोग्रामांचं दुखणं एकच. नवशिक्याने डाव इंजिनला दाखवला की पटावर रंगीत ठिपके उमटतात: इथे खेळायला हवं होतं, अकरा गुण गेले. का गेले? उत्तर नाही. फार तर पुढच्या वीस चालींची रांग दिसते, आणि तिच्यातल्या प्रत्येक चालीचं कारणही तितकंच गूढ असतं. मुलगा ती चाल पाठ करतो, पुढच्या डावात तशाच दिसणाऱ्या जागी खेळतो, आणि मार खातो. कारण तिथे शेजारची एक सोंगटी वेगळी असते.

त्यातून वाट काढायची एक चांगली रीत आहे. डाव संपल्यावर इंजिन लगेच उघडायचं नाही. आधी स्वतः सुरुवातीपासून डाव चालवून पाहायचा आणि आपल्याला कुठे चुकल्यासारखं वाटतं अशा तीन जागा लिहून ठेवायच्या. मग इंजिनच्या आलेखातल्या सर्वांत खोल तीन खड्ड्यांशी त्या ताडून पाहायच्या. जिथे दोघांचं जमलं तिथे काम सोपं. जिथे इंजिनने खड्डा दाखवला आणि आपल्याला पत्ताच नव्हता, तिथेच खरा धडा आहे. तिथे आपली मूळ चाल इंजिनविरुद्ध पुन्हा खेळून पाहायची. तो ती कशी फोडतो ते दिसलं की कारण बहुतेक वेळा कळतं. दोन-तीन गुणांच्या चुकांकडे दहा क्यूपर्यंत ढुंकूनही पाहू नये. ते ठिपके सोनाराच्या काट्याचे आहेत, आपण अजून पोती मोजतो आहोत.

दुसरा दोष खेळतानाचा. बलवान इंजिनला मुद्दाम कच्चं केलं की ते माणसासारखं कच्चं होत नाही. तीस चाली अप्रतिम खेळेल आणि एकतिसावी अशी टाकेल की बघणाऱ्याला हसू यावं. अशा जोडीदाराकडून काही शिकता येत नाही. यावर २०२४ मध्ये चांगला उपाय आला: माणसांच्या खऱ्या डावांवर शिकवलेलं एक वेगळं मॉडेल कातागोबरोबर जोडता येतं आणि वीस क्यूपासून नऊ दानपर्यंतच्या माणसाची नक्कल करायला सांगता येतं. वीस क्यूचा माणूस ज्या चुका करतो त्याच चुका ते करतं. हेही फुकट.

आणि इंजिन सर्वज्ञ आहे असंही समजू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये केलिन पेल्रिन या अमेरिकी हौशी खेळाडूने कातागोवर चालणाऱ्या बलवान प्रोग्रामविरुद्ध १५ पैकी १४ डाव जिंकल्याची बातमी आली. कातागोचं दुबळेपण शोधण्यासाठीच दुसरा प्रोग्राम बनवला होता, त्याने सापडवलेली खोड पेल्रिनने पाठ केली. गोल कडं करून बसलेल्या सोंगट्या बाहेरून हळूहळू वेढल्या जात असताना इंजिनला धोका दिसतच नव्हता. दहा क्यूचा खेळाडूही तो पाहू शकला असता. नंतर त्यावर दुरुस्त्या झाल्या. शिकणाऱ्याच्या रोजच्या डावात ही खोड आडवी येत नाही, पण "मशीन म्हणतंय म्हणजे बरोबरच" म्हणणाऱ्याला सांगायला हा दाखला बरा आहे.

मग पैसे कुठे घालावेत

पहिलं म्हणजे कोडी. जपानीत त्यांना 'त्सुमेगो' म्हणतात: कोपऱ्यातला एक समूह, काळ्याने खेळून जगायचं किंवा मारायचं. प्रगती व्हायला रोजची दहा कोडी इंजिनपेक्षा जास्त उपयोगी पडतात, यावर बहुतेक शिक्षकांचं एकमत आहे. फुकट कोडी ढिगाने मिळतात. पण सोप्याकडून अवघडाकडे नीट लावलेली, चुकीच्या उत्तरालाही पटावर चोख प्रत्युत्तर देणारी, नेट नसताना चालणारी कोडी हे हाताने केलेलं काम असतं. त्याचे पैसे द्यायला हरकत नाही. 'त्सुमेगो प्रो' हे अ‍ॅप मुळात फुकट आहे, जादा संच विकत. आधी फुकटचे संच संपवावेत. संपले नाहीत तर तिथेच उत्तर मिळालं.

दुसरं, पुस्तकं आणि डावांचे संग्रह. आयफोन-आयपॅडवाल्यांसाठी 'स्मार्टगो' हे गोमधलं जुनं आणि नेटकं नाव. ते बनवणारे स्विस संगणकतज्ज्ञ आंडर्स कीरुल्फ यांनीच डाव साठवण्याचा एसजीएफ हा प्रकार आखला, जो आज जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात. स्मार्टगोमध्ये व्यावसायिकांचे लाखाहून अधिक डाव आहेत, आणि पुस्तकातली आकृती बोटाने पुढे-मागे चालवून पाहता येते. छापील पुस्तकात जी चाल शोधायला डोळे फाडावे लागतात ती इथे आपोआप दिसते. हे काम कातागो करत नाही. 'गोगॉड' हा जॉन फेअरबेर्न आणि टी. मार्क हॉल यांनी जमवलेला डावांचा संग्रहही विकतचा; जुन्या जपानी-चिनी डावांचं वेड असणाऱ्याने जरूर घ्यावा. नवशिक्याने घेतला तर तो तसाच पडून राहील.

तिसरं, दुसऱ्याच्या यंत्राचा वेळ. घरात फक्त फोन आहे, किंवा लॅपटॉप कार्यालयाचा आहे आणि त्यावर काही टाकायची मनाई आहे, अशांसाठी 'एआय सेन्सेई'सारखी संकेतस्थळं कामाची. डाव चढवायचा, विश्लेषण तिकडच्या संगणकावर होतं. थोडंसं विश्लेषण फुकट मिळतं, खोलात जायचं तर वर्गणी. महिन्याला चार-पाच डाव खेळणाऱ्याला फुकटचं पुरतं. ज्याच्याकडे काट्रेन चालेल असा संगणक आहे त्याने ही वर्गणी भरणं म्हणजे घरात विहीर असताना टँकर मागवणं.

आणि चौथा खर्च सॉफ्टवेअरचा नाहीच. वर्षाच्या वर्गणीइतक्या पैशांत एखाद्या बऱ्या खेळाडूकडून ऑनलाइन दोन-तीन शिकवण्या घेता येतात. इंजिन अकरा गुण गेले म्हणतं तिथे माणूस सांगतो, "तू त्या तीन सोंगट्या वाचवायच्या मागे लागलास, सोडून द्यायच्या होत्यास." एवढ्या एका वाक्याने जे होतं ते शंभर आलेखांनी होत नाही. पैसे मोजके असतील तर ते आधी इथे जावेत.

अगदीच सुरुवात असेल तर तोही खर्च नको. पुठ्ठ्यावर नऊ उभ्या, नऊ आडव्या रेषा मारायच्या, शिलाईच्या दुकानातून काळी-पांढरी बटणं चाळीस-चाळीस आणायची. पट तयार. घरातल्या दुसऱ्या कोणाला अर्ध्या तासात नियम सांगून होतात, आणि दोन नवशिके एकमेकांना हरवत जेवढे शिकतात तेवढं पहिल्या महिन्यात कुठलाच प्रोग्राम शिकवत नाही.

पैसे भरताना

परदेशी संकेतस्थळावर डॉलर किंवा युरोत पैसे भरायचे तर कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करावे लागतात. नाहीतर व्यवहार अडतो आणि दोष संकेतस्थळाला दिला जातो. बँक त्यावर परकीय चलनाचं शुल्क लावते, त्यामुळे खात्यातून छापील किमतीपेक्षा थोडे जास्तच जातात. प्ले स्टोअरवरून घेतलं तर रुपयांत आणि यूपीआयने भरता येतं, आणि बहुतेक अ‍ॅपच्या बाबतीत ४८ तासांच्या आत परतावा मागता येतो. त्या दोन दिवसांत अ‍ॅप खरोखर वापरून पाहावं.

एकरकमी खरेदी आणि वर्गणी यांतला फरक नीट वाचावा. "सात दिवस फुकट" असं म्हणून यूपीआय ऑटोपेला मंजुरी घेतलेली असते आणि आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कापले जातात. मुलाच्या फोनवर घेत असाल तर घेतल्याच दिवशी नूतनीकरण बंद करावं. भरलेली मुदत संपेपर्यंत अ‍ॅप बहुतेक ठिकाणी चालूच राहतं. जुन्या नावाजलेल्या प्रोग्रामांच्या 'क्रॅक' केलेल्या प्रती फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊच नये. फुकट आणि कायदेशीर मिळणाऱ्या वस्तूपेक्षा कमकुवत प्रोग्रामसाठी संगणकात व्हायरस आणणं, हा व्यवहार कुठल्याच हिशोबात बसत नाही.

मुलांना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. चालू ऑनलाइन डावात शेजारी इंजिन उघडून ठेवणं ही फसवणूक धरली जाते आणि सर्व्हर खातं बंद करतात. २०२० मध्ये कोरियात एका किशोरवयीन व्यावसायिक खेळाडूवर ऑनलाइन सामन्यात प्रोग्रामची मदत घेतल्याबद्दल वर्षभराची बंदी आली होती. डाव संपला की मग हवं तेवढं इंजिन वापरावं.

काहीही घेतलं, फुकट की विकत, तरी खेळलेला प्रत्येक डाव एसजीएफ फाइल करून आपल्याकडे साठवावा. फाइल काही केबींची असते आणि कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडते. वर्गणी संपली, अ‍ॅप बंद पडलं किंवा फोन बदलला, तरी डाव हातात राहतात. खरेदी करण्याआधी त्या अ‍ॅपमधून डाव असे बाहेर काढता येतात का, हे तपासावं. येत नसतील तर ते अ‍ॅप घेऊ नये.